जवळाबाजारात लागलेली हळद

दहावीला असताना भर बाजारात मला हळद लागली. खोटी, नाटकातली. पण आमच्या घरानं ती खरी धरली, आणि "बालविवाह बंद करा" म्हणून बाजारभर घसा फोडलेल्या मलाच बोहल्यावर चढवायची तयारी सुरू झाली. करायला गेले गणपती अन् झाला मारुती म्हणतात ना, तसं. त्या नाटकाचं नाव निघालं की आमच्याकडं लोक अजून हसतात. मला हसू येत नाही, राग येतो. आणि तो कुणाकुणावर आहे हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर ओढ्यापलीकडच्या गावात जायचं, आमच्या गावाची शीव ओलांडून. मी दहावीत गेले त्या वर्षी शाळेला वरून आदेश आला की पोरं बिघडल्यावर बोंबलत बसण्यापेक्षा बिघडायच्या आधीच त्यांना सावध करा. मग दर शनिवारी एक तास सावध व्हायचा. गुटखा, खर्रा, मोबाईलचा नाद, परीक्षेचं टेन्शन, आणि पोरींसाठी खास म्हणजे अठराच्या आतलं लग्न. हात पुढं करून सगळ्यांनी शपथ घ्यायची. 'मी तंबाखूला हात लावणार नाही' हे वाक्य मागच्या रांगेतून जरा बोबडं यायचं, कारण तिथल्या निम्म्या गालांत खर्रा असायचा. तासाला सोबत बसणाऱ्या आमच्या वर्गाच्या सरांना ते कळायचं, पण सर काय बोलणार? त्यांचाही गाल काही मोकळा नसायचा.

तास घेणाऱ्या मॅडम मात्र मनापासून घ्यायच्या. त्या विज्ञान शिकवायच्या. मूळच्या हिंगोलीच्या, पण जवळाबाजारात खोली करून राहायच्या आणि स्कूटीवर शाळेत यायच्या. त्यांनी आम्हाला 'नाही' म्हणायला शिकवलं. खरंच, त्याचा सराव असायचा. जोड्या करायच्या, एकीनं पुडी पुढं करायची, दुसरीनं डोळ्यांत बघून, आवाज न चढवता, सरळ 'नाही' म्हणायचं. कारण द्यायचं नाही, हसायचं नाही, मान खाली घालायची नाही. माझ्या जोडीदारणीला घाम फुटायचा. मला डोंबलाचा सराव लागत होता! मी न्हाई म्हणतच जन्माला आले असं आई म्हणायची. मॅडम मला सगळ्या वर्गापुढं उभं करून म्हणायच्या, बघा, असं म्हणायचं असतं.

म्हणूनच नाटकात नवरीचं काम माझ्याकडं आलं. पोरांकडं गुटख्याचं नाटक, आमच्याकडं बालविवाहाचं. गोष्ट साधी होती. बाप पोरीचं लग्न ठरवतो, हळद लागते, मांडवात पोरगी "थांबा!" म्हणून ओरडते, मैत्रीण हेल्पलाइनला फोन लावते, पोलीस येतात आणि बापाला धरून नेतात. शेवटी सगळ्यांनी मिळून हेल्पलाइनचा नंबर लोकांना तोंडपाठ होईपर्यंत ओरडायचा. नवरदेव आमच्याच वर्गातली एक उंच पोरगी होती, तिच्या भावाच्या पँट-शर्टात. तालमीत हळद म्हणून पिवळी रांगोळी वापरायचो.

संक्रांत होऊन गेल्यावर जवळाबाजारच्या आठवडी बाजारात प्रयोग ठरला. फोटो काढून पाठवायचे होते, त्यामुळं गर्दी पाहिजे होती. तिथं पोचल्यावर कळलं की रांगोळीची पुडी शाळेतच राहिली. आमच्याबरोबर आलेले वर्गाचे सर म्हणाले, "हळदीच्या मुलखात रंग काहून शोधता? घ्या की खरी." समोरच्याच दुकानातून पुडा आणला, तांब्यातलं पाणी घालून ताटलीत कालवला. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

हळदीचा प्रसंग आला आणि आमच्या सवासिणी झालेल्या पोरी लाजायला लागल्या. एवढी माणसं बघून त्यांचे हातच पुढं येईनात. एक खुदुखुदू हसत सुटली. लोकही हसायला लागले, शिट्ट्या आल्या. तेवढ्यात बाजूला कोथिंबीर-मिरच्यांचं पोतं पसरून बसलेली एक बाई उठली. हिरवं लुगडं, कपाळाला टिकली, गळ्यात काळी पोत. "असं लावत असतात का येड्यायहो?" म्हणत ती सरळ रिंगणात आली आणि तिनं पोरीच्या हातातली ताटली घेतली.

मग तिनं मला हळद लावली. नीट, रीतीप्रमाणं, पायापासून वर चढवत. पाय, गुडघे, हात, खांदे, शेवटी गाल. लावताना ती हळदीचं गाणं म्हणत होती, बारीक आवाजात, पण एक शब्द चुकत नव्हता. बाजार गप झाला. भज्याच्या गाडीवरचा माणूस झारा हातात घेऊन बघत राहिला. बाईचे डोळे भरून आले होते आणि माझे दोन्ही गाल तिच्या हातात होते. माझं "थांबा!" म्हणायचं वाक्य मी विसरले. मैत्रिणीनं पाठीत चिमटा काढला तेव्हा ओरडले, ते पण चिरक्या आवाजात. टाळ्या मात्र दणकून पडल्या.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. त्यातला "थांबा!" कापला, पोलीस कापले, नंबर कापला. राहिली फक्त हळद. तिला मागून डीजेचं गाणं जोडलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावागावच्या ग्रुपवर फिरलं. मी घरी पोचायच्या आधी माझी हळद घरी पोचली होती.

दारात आत्या उभी होती. बाबांची थोरली बहीण. पदर यायच्या आत तिचं लग्न झालं, आणि संसार म्हणजे काय ते कळायच्या आत नवरा वारला. तेव्हापासून ती माहेरीच. आजी-आजोबा लवकर गेले आणि बाबांना तिनंच वाढवलं, शेत तिनंच उभं केलं, त्यामुळं बाबा तिच्या शब्दाबाहेर नव्हते. आमचं घर हळदीवर चालायचं. काढणीच्या दिवसांत आत्या बायांच्या पुढं असायची, शिजवताना भट्टीजवळ तीच, वाळवताना तीच. कोपरापर्यंत हात पिवळे व्हायचे तिचे आणि पावसाळ्यापर्यंत नखांतला पिवळा रंग जायचा नाही. पण गावात कुणाचं लग्न असलं की ती मागच्या दारी भांड्यांपाशी बसायची. कुणी तिला तसं बस म्हणून सांगत नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

"हळद कुणी लावली?" तिनं विचारलं.

"नाटक होतं गं, आत्या. बाजारातल्या एका बाईनं लावली."

"सवासीन व्हती?"

"टिकली होती, पोत होती. मला काय म्हाईत?"

"गाणं म्हनली?"

"म्हणली."

आत्या मटकन उंबऱ्यावर बसली. "मंग लागली," ती म्हणाली. "लागली माय."

मी तणतणले. "दरवर्षी वाळलेली हळद झोडताना डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होते मी. तेव्हा काहून न्हाई लागत?"

"ती वावरातली. ही सवासिनीनं गाण्यानं चढवली. चढलेली हळद नवऱ्याबिगर उतरत न्हाई. तशीच ठिवली तर घराला लागती." आणि मग तिनं ते सांगितलं ज्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली. हळदीच्या नवरीनं गावाची शीव ओलांडायची नसते. म्हणजे ओढा ओलांडायचा नाही. म्हणजे शाळा नाही. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली, आणि परीक्षेचं केंद्र त्याहून पुढच्या गावात.

मला वाटलं, बाबा हसतील. बाबा हसले नाहीत. ते मोबाईलवर तो व्हिडिओ बघत बसले, पुन्हा पुन्हा. आमच्याकडं पैशाची अडचण नव्हती, पोरगी जड झाली होती असंही नव्हतं. बाबांनीच मला सायकल घेऊन दिली होती. पण लोकांपुढं त्यांचं पाणी व्हायचं. पारावर कुणीतरी विचारलं, "काय मग, हळद लागली म्हनं पोरीला, नवरदेव कुठाय?" आणि ते जेवायला आले ते न जेवताच उठले. लोकाच्या तोंडाला कोण हात लावणार!

डोंगरकडा गावाकडच्या एका घरानं मला आधीच विचारलेलं होतं. बाबांनी त्यांना बारावीनंतर बघू म्हणून टोलवलं होतं. आता आत्यानं निरोप धाडला. त्यांचाही व्हिडिओ बघून झाला होता आणि पोरगी पसंत होती. पोराची आई फोनवर हसून म्हणाली म्हणे, "हळद तर लागलीच हाय, अक्षताच टाकायच्या राहिल्या." ते वाक्य आमच्या घरात दिवसभर फिरलं, आणि दरवेळी आई पदर तोंडाला लावून आत गेली.

कायदा सगळ्यांना पाठ होता, हीच तर गंमत. ग्रामसेवकाला कळू नये म्हणून मांडव नाही, पत्रिका नाही, बँड नाही. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवर, गोठ्यापुढच्या जागेत, घरच्याच माणसांत उरकायचं ठरलं. कायदा कुठून येतो आणि कुठं पोचत नाही हे आम्ही नाटकातून लोकांना समजावून सांगितलं होतंच. लोक ऐकत होते बराबर.

मी 'नाही' म्हणाले. मॅडमनी शिकवलं तसं, डोळ्यांत बघून, आवाज न चढवता. आत्याला म्हणाले. ती म्हणाली, "तुला कोन इचारून राहिलं?" बाबांना म्हणाले. तर बाबांनी मान खाली घातली. आता ज्याचे डोळेच वर नाहीत त्याच्या डोळ्यांत बघून नाही कसं म्हणायचं? हे शनिवारच्या तासात नव्हतं. तिथं समोर पुडी धरलेली पोरगी असायची, मला सायकल शिकवणारा बाप नसायचा. मग मी आवाज चढवला, ताट आपटलं, उपाशी राहिले. आत्यानं माझं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "भूक लागल्यावर खाशील." लय राग यायचा मला तिचा. वाटायचं, हिचं झालं तसं माझं व्हावं अशीच हिची इच्छा आहे.

शाळेत मी येईना म्हणून मॅडम घरी आल्या. ओसरीवर बसून त्यांनी बाबांना वय सांगितलं, कलम सांगितलं, शिक्षा सांगितली. बाबा ऐकत राहिले. आत्या चहाचा कप त्यांच्यापुढं आदळून म्हणाली, "मॅडम, माझ्या पोरीला हळद लावली कुणी? तुमच्या शाळेनं. लावताना कायदा कुठं गेला व्हता? आता आल्या शिकवायला!" मॅडमचा चेहरा उतरला. जाताना त्यांनी माझ्याकडं बघून फक्त कानाला हात लावून फोनची खूण केली. फोन कर, म्हणजे हेल्पलाइनला.

आईचा फोन माझ्या हाताला लागत होता. नंबर पाठ होता, बाजारात ओरडून पाठ झालेला. एका दुपारी सगळी वावरात गेल्यावर मी न्हाणीत जाऊन तो लावला. रिंग वाजली. आणि मला आमच्या नाटकाचा शेवट दिसला. पोलीस बापाला धरून नेतात आणि लोक टाळ्या वाजवतात. नाटकातला बाप म्हणजे आठवीतली एक पोरगी होती, काजळानं मिशी काढलेली. आता तिथं बाबा दिसत होते, पायात चप्पल न घालता. पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं आणि मी फोन कापला. आपलेच दात अन् आपलेच ओठ. नाटक लिहिणाऱ्याला कळत नव्हतं का, पोरीला बाप जेलात पाठवायचा नसतो, फक्त लग्न नको असतं?

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आता संपलं. पुस्तकं उघडवेनाशी झाली. आईनं कपाटातून नवी साडी काढून तिला ऊन दाखवलं, आणि ती दोरीवर लोंबताना दिसू नये म्हणून मी भिंतीकडं तोंड करून पडले.

पोराकडची मंडळी कुंकू लावायला येणार म्हणून निरोप आला. कुंकू लागलं की शब्द पक्का, मग माघार नाही. पोराची आई आली, मामा आले. मला साडी नेसवून पाटावर बसवलं. आत्यानं कुंकवाचं ताट सजवून आणलं आणि जमिनीवर ठेवून स्वतः मागं सरकली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात अंगणात स्कूटी थांबली.

मॅडम होत्या. आणि त्यांच्या मागं बसून आलेली ती बाजारातली बाई. मॅडमनी तिला बाजारात जाऊन शोधलं होतं. त्यांचा विचार असा की जिनं हळद लावली तीच येऊन सांगेल, हे नाटक होतं, खरं नव्हतं, तर घरचे ऐकतील. एवढाच बेत. त्यापलीकडचं मॅडमना काही ठाऊक नव्हतं.

बाई दारात आली आणि ओसरीवरचा थाट बघून थबकली. पोराच्या आईनं तिला ओळखलं, व्हिडिओत बघितलेलं ना. तिचा चेहरा फुलला. "अगंबाई, ह्याच की त्या! या, या. हळद तुमच्या हातची, तर कुंकू बी तुमच्याच हातचं लागू द्या. लई चांगला योग हाय." आणि तिनं कुंकवाचं ताट उचलून बाईपुढं धरलं.

बाईनं हात मागं घेतले. दोन्ही हात पाठीशी नेले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी साडीत, डोकं झाकलेलं, डोळे रडून सुजलेले. तिला काय दिसायचं ते दिसलं.

"माझ्या हातचं चालायचं न्हाई," ती म्हणाली.

"काहून?"

"माझा मालक वारला, बाई. लेक पाळन्यात व्हती तवाच."

पोराच्या आईनं तिच्या टिकलीकडं बघितलं, पोतीकडं बघितलं. बाई म्हणाली, "बाजारात एकट्या बाईनं कपाळ मोकळं ठिवून बसायचं म्हंजे लई तकलीफ. बाप्ये मिरच्या घेत न्हाईत, नुसतं इचारत बसतेत. म्हनून लावते. जवळ्यात कुणाला म्हाईत न्हाई. आता झालं म्हाईत."

"आन् तसल्या हातानं पोरीला हळद लावलीस?" पोराची आई किंचाळलीच. "लाज न्हाई वाटली?"

बाई शांतपणे म्हणाली, "नाटक व्हतं म्हनून लावली. खऱ्या लग्नात कोन लावू देतंय?"

पोराच्या मामांनी खाकरून घसा साफ केला. पोराच्या आईनं ताट खाली ठेवलं, जरा जोरातच, कुंकू सांडलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. विधवेच्या हातची हळद लागलेली पोरगी सून म्हणून न्यायची? पण शब्द दिलेला, तो स्वतः कसा मोडायचा? तिनं ते ओझं दुसऱ्यावर टाकलं. चौकटीला टेकलेल्या आत्याकडं वळून म्हणाली, "अक्का, रीतभात तुमाला ठावं. तुमीच सांगा. ही हळद लागली का न्हाई?"

सगळे आत्याकडं बघायला लागले. बाबा बघत होते, आई बघत होती, मॅडम ओठ चावत उभ्या होत्या. मी जन्मात पहिल्यांदा आत्यापुढं हात जोडले, साडीच्या आत, कुणाला दिसू नयेत असे. तिनं 'लागली' म्हणावं की 'न्हाई' म्हणावं हेही मला कळेना. 'लागली' तर मी अपशकुनी, 'न्हाई' तर नव्यानं हळद लावून लग्न उरकायला सगळे मोकळे. मला फक्त उठायचं होतं त्या पाटावरून.

आत्या त्या बाईकडं बघत होती. बाई तिच्याकडं. मग आत्या म्हणाली, "रांडव बाईच्या हातची हळद कुठं लागत असती?" ती पोराच्या आईकडं वळली. "न्हाई लागली. ते नुसतं रंगवनं झालं. पोरगी मोकळी हाय."

पोराकडची मंडळी चहासुद्धा न घेता उठली. "घरी इचारून कळवतो" म्हणाली, त्याचा अर्थ शेंबडं पोरगं पण सांगेल. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि बाबा खाली बसले. बऱ्याच दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, "उद्या शाळेत जा." आईनं तिथंच माझ्या डोक्यावरचा पदर ओढून काढला. मॅडम मला धरून रडल्या, मी त्यांना धरून रडले.

परीक्षा दिली मी. पास झाले, पुढं शिकले, आता हे लिहून राहिले. पण खरं बोलायचं तर मला शपथेनं वाचवलं नाही, कायद्यानं नाही, शनिवारच्या तासानं तर नाहीच. एका वाईट रीतीतून मला सोडवलं ते तिच्याहून वाईट रीतीनं. एका बाईला स्वतःच्या तोंडानं स्वतःला अपशकुनी म्हणवून घ्यावं लागलं, आणि दुसरीला त्यावर शिक्का मारावा लागला, तेव्हा मी सुटले. ह्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून उमगलेलं नाही. आणि नुसती सुटले म्हणून आनंदानं नाचावं, तर तेही झालं नाही, कारण मंडळी गेल्यावर जे झालं ते मी ऐकलं.

मॅडम स्कूटी वळवत होत्या. मी साडी सोडायला आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, बाईला द्यायला. ओसरीवर आत्या आणि ती बाई अशा दोघीच होत्या. आत्या सांडलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसत होती. पुसता पुसता, मान वर न करता तिनं विचारलं, "बाई, एक इचारू का?"

"इचारा की."

"लेकीच्या लग्नात लावली व्हती का तुमी?"

"न्हाई वो. दाराआड बसले व्हते. जावेनं लावली."

आत्याचा हात थांबला. "मंग त्या दिवशी, पोरीला लावली तवा... कसं वाटलं?"

मी तांब्या धरून दारातच उभी राहिले. बाई म्हणाली, "चोरी केल्यावानी वाटलं. पन लय ग्वाड वाटलं, अक्का. काय सांगू तुमाला."

आत्यानं फडकं तसंच हातात धरलं. "माझ्या हातानं न्हाई झालं कदी," ती म्हणाली. "नाटकात बी न्हाई."